तालुक्याच्या यादीत हॅम रेडिओही असू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे महिना सरत आला की आपल्या दैनिकात पावसाळापूर्व तयारीची बातमी येते. यंदाही आली. होड्या, लाइफ जॅकेट, झाडं कापायच्या करवती, जेसीबी, सॅटेलाइट फोन, सगळ्याची मोजदाद त्यात होती. परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे ज्यांना हॅम म्हणतात त्यांचा, उल्लेख मात्र मला अशा यादीत अजून कधी दिसला नाही. तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं. का वाटतं, ते सांगण्यासाठी मला माझ्या पडवीतल्या एका पत्र्याच्या डब्याची गोष्ट सांगावी लागेल. पत्र थोडं लांबेल, ते चालवून घ्यावं.

मी भौतिकशास्त्राची निवृत्त शिक्षिका. राहते आंजर्ल्याला. शाळेतून मोकळी झाल्यावर 2017 साली मुंबईला जाऊन हॅमची परीक्षा दिली. दूरसंचार विभागाची असते ती. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे पहिल्या पायरीच्या परवान्याला, मोर्सची, म्हणजे कट्ट-कडकट्ट संदेशांची, अट नाही. रेडिओचं तंत्र आणि नियम, एवढ्यावर लेखी पेपर असतो आणि बारा वर्षं पूर्ण झालेलं मूलसुद्धा तो देऊ शकतं. परवाना हाती आल्यावर पाच वॅटचा सेट घरी जुळवला. हैदराबादच्या अशर फरहान यांनी आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या साध्या सुट्या भागांतून बिटएक्स नावाचा सेट आखून तो सगळ्यांना खुला करून दिला, त्याच जातीचा हा. त्यांच्या सुरुवातीच्या आराखड्यात तार गुंडाळायला लागणारी फेराइटची, म्हणजे चुंबकीय पदार्थाची, कडी मिळाली नाहीत तर नळाच्या वायसरवर तार गुंडाळा, असं सुचवलेलं आहे. ते वाचलं तेव्हाच, हे काम आपल्याला जमेल, असं वाटलं होतं.

मग आलं 3 जून 2020. निसर्ग वादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. आमच्या आगरातले एकोणीस माड आडवे झाले, पोफळींची तर मोजणीच सोडून दिली. पडवीवरचे कोने आणि कौलं पाखाडीवर जाऊन पडली. वीज गेली, मोबाइल गेला. वीज यायला आमच्या वाडीत बावीस दिवस लागले. लॉकडाऊनचे दिवस, घराघरातले चाकरमानी मुंबईत अडकलेले. इथल्या म्हाताऱ्यांना मुलांचा पत्ता नाही आणि मुलांना इकडचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याच्या मदतीने उभ्या राहिलेल्या एका माडापासून घराच्या कोपऱ्यापर्यंत तार बांधली आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवर सेट लावला. 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पुण्याचे एक गृहस्थ स्वच्छ ऐकू येत होते. त्यांचा सेट शंभर वॅटचा. मी हाक मारली. ते म्हणाले, "कुणीतरी आहे, पण शब्द लागत नाहीत." जूनमध्ये या पट्ट्यावर ढगांतल्या विजांची खरखर किती असते, ते रेडिओ ऐकणाऱ्यांना सांगायला नको. माझ्याकडे वहीच्या एका पानावर सात घरांचे निरोप होते, प्रत्येक एका ओळीचा. "सगळे सुखरूप, घराचं छप्पर गेलं, काळजी नको," आणि खाली मुलाचा मोबाइल नंबर. नेहमीची साधनं बंद पडली असताना असे निरोप पोचवायची मुभा आमच्या नियमांत आहे. त्या सात ओळी पोचवायला मला दोन तास दहा मिनिटं लागली. एकेक आकडा चार-चार वेळा सांगितला. सहावा निरोप चालू असताना शेजारच्या आजी पायरीवर बसून होत्या. त्या मला विचारत होत्या, "बाय, माझा गेला काय गो?" त्यांचा सातवा होता.

सेटची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर करायचा, हे त्या पायरीवर ठरलं. सुरुवातीला म्हटलेला पत्र्याचा डबा तो हाच.

पाच वॅटचे पंचवीस केले म्हणजे आवाज पाचपट होतो, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. पाचपट वीज म्हणजे 7 डेसिबल, आणि समोरच्या मीटरवर एक एस-युनिट साधारण 6 डेसिबलचं धरतात. काटा जेमतेम एक घर पुढे सरकतो. पण खरखरीच्या वर येण्यासाठी नेमकं तेवढंच कमी पडत असतं. शब्द लागणं आणि न लागणं यांत फार मोठी दरी नसते. पुढे शंभराचे चारशे वॅट करायला जो खर्च येतो, त्यातून तेवढंच एक घर मिळतं, म्हणून गावातल्या कामाला मी पंचवीस वॅट पुष्कळ मानते. माझ्या परवान्याला मर्यादाही 50 वॅटची आहे.

मी निवडलेला ट्रान्झिस्टर आयआरएफ 510. हा मुळात रेडिओसाठी केलेलाच नाही, स्विचिंगसाठी, म्हणजे वीज चालू-बंद करण्यासाठी, केलेला स्वस्त मॉसफेट, ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार. पण 7 मेगाहर्ट्झवर छान चालतो आणि जगभरचे हॅम तो वापरतात. दोन घ्यायचे, पुश-पुल पद्धतीने जोडायचे, म्हणजे लाटेचा वरचा अर्धा भाग एकाने उचलायचा, खालचा दुसऱ्याने. बाहेर एरियलची 50 ओहमची वाट असते. ती मॉसफेटना तशीच दाखवली तर 24 व्होल्टवर ते वीसेक वॅटला येऊन थांबतात. म्हणून मध्ये फेराइटचा ट्रान्सफॉर्मर, आतल्या बाजूला दोन वेढे, बाहेरच्या बाजूला तीन. वेढ्यांच्या प्रमाणाचा वर्ग धरायचा, म्हणजे 50 चे 22 ओहम होतात आणि पंचवीस वॅट न धापा टाकता निघतात. हा वर्गाचा हिशेब मी दहावी-बारावीच्या मुलांना फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवला. स्वतःच्या हाताने तीन वेढे घातल्यावर तो मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

पहिली जोडी मी जाळली. सेटचे पाचही वॅट सरळ आत दिले. या मॉसफेटचा गेट, म्हणजे ज्यावर आत येणारी लाट द्यायची तो पाय, 20 व्होल्टच्या वर सहन करत नाही, आणि पाच वॅटची लाट 50 ओहमवर 22 व्होल्टच्या शिखरापर्यंत जाते. बटण दाबलं, टक् असा बारीक आवाज आला आणि मीटरचा काटा टोकाला जाऊन चिकटला. दापोलीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेला माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याने मीटर लावून बघितलं आणि म्हणाला, "बाई, गेट उडालाय, दोघांचाही." अ‍ॅम्प्लिफायरला आत लागतो जेमतेम 1 वॅट. उरलेले चार रेझिस्टरच्या जाळ्यात मुद्दाम उष्णता करून घालवायचे असतात. इतक्या कष्टाने काढलेली वीज आधी घालवायची, हे मनाला पटायला मला दोन दिवस लागले.

दुसऱ्या जोडीत मॉसफेटच्या पाठीमागचा मायका, म्हणजे वीज अडवणारा अभ्रकाचा पातळ तुकडा, चिरलेला निघाला. आयआरएफ 510 ची धातूची पाठ ड्रेनला, म्हणजे वाढवलेली वीज जिथून निघते त्या पायाला, जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर सगळे 24 व्होल्ट असतात. मायका फाटला की ते थेट हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर. हीटसिंक खेडच्या भंगारातून आणलेलं, जुन्या साउंड सिस्टीमचं, त्याच्या एका भोकाच्या कडेला धातूचा बारीक काटा राहून गेला होता. बोट फिरवल्यावर लागला. कानशीने घासला, नवा मायका घातला, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. तिसरी जोडी ऑनलाइन मागवली ती नकलीच निघाली. ड्रेन करंट निम्मासुद्धा घेईना. भिंगाखाली धरल्यावर जुनी अक्षरं घासून वर नवी छापलेली दिसली. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी मॉसफेट ओळखीच्या दुकानातून, बघून घ्यावेत.

बायसचं, म्हणजे मॉसफेटला सुरुवातीचं व्होल्टेज बेताने लावून देण्याचं, काम मात्र घाईत होत नाही. पोटेन्शिओमीटर केसाएवढा फिरवत एकेका मॉसफेटचा स्थिर करंट 100 मिलिअँपिअरवर आणायचा आणि मग दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं. मॉसफेट तापला की तेवढ्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढतो, त्याने आणखी तापतो, आणि लक्ष नसेल तर असाच चढत जळून जातो. त्यासाठी मी एक साधा डायोड हीटसिंकला चिकटवून बायसच्या वाटेत घातला. हीटसिंक तापलं की डायोडवरचं व्होल्टेज उतरतं आणि बायस आपोआप खाली येतो. पाच रुपयांच्या आतली वस्तू, पण ती बसवल्यावर मी निर्धास्त झाले.

तपासणी एरियलवर करायची नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. एक हजार ओहमचे, दोन वॅटचे वीस रेझिस्टर शेजारी शेजारी जोडले की बरोबर 50 ओहम होतात आणि ते 40 वॅट पचवतात. गार राहावेत म्हणून ते एका डब्यात खोबरेल तेलात बुडवले. तेल घरच्या खोबऱ्याचं, पडलेल्या माडांवरून उतरवलेल्या नारळांचं. थंडीत सकाळी ते थिजलेलं असायचं, पंधरा मिनिटं उन्हात ठेवलं की काम सुरू. त्या डब्यावर एक डायोड, एक कपॅसिटर आणि मल्टीमीटर लावला की लाटेचं शिखर मोजता येतं. 50 ओहमवर 50 व्होल्टचं शिखर म्हणजे 25 वॅट. जानेवारी 2021 मधल्या एका रात्री मीटरने 49 दाखवले, तेव्हा मी भाच्याला झोपेतून उठवून तो आकडा दाखवला.

आता फिल्टरविषयी. माझ्या मते अ‍ॅम्प्लिफायर करणाऱ्याची खरी जबाबदारी इथे आहे. मॉसफेट 7.1 मेगाहर्ट्झबरोबर 14.2 आणि 21.3 वरही थोडं थोडं बोलतो. पुश-पुलमध्ये दुप्पट लहर बरीचशी आपसात कटते, तिप्पट तशीच उरते. ती एरियलपर्यंत गेली तर भलत्याच पट्ट्यावर दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं बिघडवणार. म्हणून शेवटी लो-पास फिल्टर, म्हणजे हवी ती लाट जाऊ देऊन तिच्या वरच्या लहरी अडवणारी चाळणी: तीन कपॅसिटर, दोन कॉइल. कॉइल टी-50-2 नावाच्या लाल कड्यावर, अर्ध्या इंचाच्या. सतरा वेढे घातले की 1.4 मायक्रोहेन्री मिळतात. वेढे मोजताना मुलं हटकून चुकतात. तार कड्याच्या आतून गेली की एक, बाहेरून कितीही वळसा घेतला तरी तो मोजायचा नाही. अठरावा वेढा चुकून पडला तर 1.4 चे जवळजवळ 1.6 होतात आणि फिल्टर हव्या त्या लाटेलाच अडवायला लागतो. वेढे एकमेकांना न चिकटता कड्यावर सारखे पसरायचे, आपण वळेसर ओवताना फुलांमध्ये जागा ठेवतो तसे. शेवटी वरून रंगहीन नेलपॉलिशचा हात, कारण आमच्याकडचा खारा वारा उघड्या तांब्याला एका पावसाळ्यात हिरवं करतो. कपॅसिटर सिल्व्हर मायका किंवा एनपीओ जातीचेच हवेत, साधे सिरॅमिक तापतात. ऑनलाइन 50 वॅट, 70 वॅट म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या तयार पट्ट्या स्वस्तात मिळतात. त्यांतल्या पुष्कळांवर हा फिल्टर नसतोच. तशा पट्ट्या घेऊन थेट एरियलला जोडणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, आधी फिल्टर करा.

फिल्टर असूनही माझा शेजाऱ्यांना त्रास झाला, हेही सांगितलं पाहिजे. शेजारच्या घरी होम थिएटरमधून माझा आवाज यायला लागला. वहिनी बिचाऱ्या घाबरून धावत आल्या. त्यात दोष वेगळाच होता. माझी केबल स्वतःच एरियलसारखी वागत होती आणि त्यांच्या स्पीकरच्या लांब वायरी तो आवाज पकडत होत्या. मी एरियलच्या मध्यावर केबलला फेराइटची मोठी कडी घातली, त्यांच्या स्पीकरच्या वायरीही एका कड्यातून चार वेळा ओवून दिल्या. बंद झालं. शेजाऱ्यांशी भांडून हा छंद करता येत नाही आणि करूही नये.

एरियलही साधंच. प्रत्येकी दहा मीटरच्या दोन तारा, मध्यावर केबल, उंची जेमतेम सहा मीटर. दूरदेशी बोलणारे हॅम एवढं बुटकं एरियल बघून हसतील, पण मला दूरदेशी बोलायचंच नाही. आमच्यात आणि पुण्या-कोल्हापुरात सह्याद्री उभा आहे. हातातला वॉकीटॉकी आणि मोबाइल समोर दिसेल तिथवरच चालतात, डोंगरापुढे त्यांचं काही चालत नाही. 7 मेगाहर्ट्झची लाट बुटक्या एरियलवरून सरळ वर जाते, दिवसा आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, लागून खाली येते आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या आत सगळीकडे पडते. वाटेत टॉवर लागत नाही, केबल लागत नाही. विजा चमकू लागल्या की मात्र केबल काढून घराबाहेर टाकायची, यात हयगय नको.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर समुद्रातून वर गेलं. वीज आणि फोन पुन्हा गेले. 12 व्होल्टच्या, यूपीएसमध्ये असतात तशा दोन छोट्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून मी अ‍ॅम्प्लिफायर लावला. पुण्याच्या त्याच गृहस्थांनी पहिल्या हाकेला उत्तर दिलं, "आज शब्दन्‌शब्द लागतोय, ताई." अकरा निरोप पस्तीस मिनिटांत गेले. मग वाऱ्याने एरियलची एक बाजू तुटून कौलांवर पडली. मी बोलतच होते. एरियल तुटल्यावर वीज बाहेर जाईना, उलटी मॉसफेटवर आली आणि एक गेला. औषधाच्या रिकाम्या डबीत मी चार सुटे मॉसफेट आणि मायका ठेवलेले असतात. भाच्याने टॉर्च धरला, बॅटरीवर चालणारं 12 व्होल्टचं सोल्डरिंग आयर्न तापवलं, जुना काढला, नवा बसवला, बायस पुन्हा 100 वर आणला. पंचवीस मिनिटं लागली. मग त्याने तार सांधून परत माडावर चढवली.

हाच माझा मुद्दा आहे, संपादक महाशय. सॅटेलाइट फोन जरूर घ्यावेत, मी त्यांच्या विरुद्ध नाही. पण तो बिघडला तर तो उघडणारा माणूस आंजर्ल्यात नाही, दापोलीत नाही. रस्ते बंद असताना तो मुंबईहून येणार कसा? माझ्या डब्यातला प्रत्येक वेढा मी घातलेला आहे, त्यामुळे अंधारात हात लावला तरी कुठे काय आहे ते मला कळतं. गावात अशी दोन माणसं असली आणि त्यांच्याकडे सुट्या भागांची एक डबी असली तर तो रेडिओ बंद पडला तरी पडून राहत नाही. 2004 च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद होत्या. त्या हॅमच्या छंदापायीच अंदमानात गेलेल्या. त्यांच्या रेडिओवरून बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचत राहिली. त्या आधीपासून तिथे यंत्र लावून बसलेल्या होत्या म्हणून ते शक्य झालं. संकट आल्यावर माणूस शोधायला निघालो तर तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात परवानाधारक हॅमची नावं, गावं, त्यांच्याकडे किती वॅटचा सेट आहे आणि तो बॅटरीवर किती तास चालतो, एवढी नोंद व्हावी. मे महिन्यात एकदा सगळ्यांची तासभर चाचणी घ्यावी, मेन स्विच बंद करून. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून हा अ‍ॅम्प्लिफायर द्यावा. दरवर्षी तीच एलईडीची माळ आणि तोच पाण्याच्या टाकीचा अलार्म करून मुलं कंटाळतात, हे मी परीक्षक म्हणून पाहिलेलं आहे. आपल्या दैनिकाने जिल्ह्यातल्या हॅमना नाव-गाव कळवण्याचं आवाहन केलं तर यादीची सुरुवात इथूनच होईल. मच्छीमार सोसायट्यांनीही यात लक्ष घालावं. नोव्हेंबर 2009 च्या फयान वादळात होड्या परतल्या की नाही याची वाट बघत हर्णै बंदरावर उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या दिवशी माझ्याकडे काही नव्हतं.

ज्या मुलामुलींना वेढे घालायला शिकायचं आहे, त्यांनी रविवारी दुपारी चारनंतर आमच्या पडवीत यावं. गावात रेडिओवाल्या बाईंचं घर विचारलं की कुणीही दाखवेल. टी-50-2 ची अकरा लाल कडी माझ्याकडे शिल्लक आहेत. एनॅमलची तार मात्र येताना आपापली आणावी, अंदाजे पाऊण मीटर, माझ्याकडची संपत आली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
आंजर्ले, ता. दापोली, जि. रत्नागिरी